मधला क

सुरुंग उडाला तेव्हा मंजुळा दारात बसून तांदूळ निवडत होती आणि तिचा लेक सोपान तिच्या पुढ्यात बसून तिच्या पदराचा एक सुटलेला धागा ओढत होता. चिंचवडच्या त्या माळावर तेव्हा जिकडंतिकडं कंपन्यांचे पाये खोदणं चाललं होतं. खाली सगळा काळा पाषाण, कुदळीला दाद न देणारा, म्हणून रोज सुरुंग. रोज त्याआधी लाल झेंडा घेतलेला एक माणूस थाळी बडवत चाळीपुढून जायचा आणि बायका पोरांना आत ओढून कानांवर हात ठेवायच्या. त्या सकाळी तो आलाच नाही, की आला आणि नळावरच्या भांडणात कुणाच्या लक्षात आला नाही, कोण जाणे. एकदम जमिनीला कुणी खालून लाथ घालावी तसं झालं. चाळीचे पत्रे खडखडले, फळीवरचा पितळी डबा गडगडत खाली आला, बाभळीवरचे कावळे काळ्या चिंध्यांसारखे वर उधळले. शेजारच्या सुरय्याची गुलजार अंगणात रांगत होती. ती आधी नुसतंच तोंड उघडं टाकून थिजली आणि मग तिनं टाहो फोडला. तिच्यामागं चाळीतलं एकेक पोर. मंजुळाच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ मातीत सांडले, आणि सोपानला छातीशी ओढायला तिचा हात आपसूक पुढं झाला. सोपान धागा ओढत होता. मान वळली नाही, पापणी लवली नाही. एवढंच झालं, की त्यानं धागा सोडला, तळहात जमिनीवर टेकवला आणि त्या तळहाताकडं तो जरा वेळ बघत राहिला. मग पुन्हा धागा.

सुरय्या गुलजारला खांद्यावर थोपटत आली, सोपानकडं बघितलं आणि लेकीचं रडं आवरता आवरताच हसली. म्हणाली, "क्या कलेजा है गं तुझ्या पोराचं. माझी बघ, अजून हुंदके देतीय. आखिर लोहाराचं पोर ते." कौतुकानंच म्हणाली. चाळीत सगळेच तसं म्हणायचे. कंपनीचा भोंगा झाला, कुणी दार आपटलं, मालगाडी शिट्टी घालत गेली, तरी सोपान आपला शांत, लोहाराचं पोर. हा शब्द मंजुळाच्या जन्माचा सोबती. बाप लोहार, सासरा लोहार, नवरा कंपनीच्या लोहारखान्यात. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तसा तो शब्द तिला कधी ऐकूच आला नव्हता. आज पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला, आणि कशावर तरी चटकन झाकण ठेवावं तसा ऐकू आला. झाकणाखाली काय आहे ते बघायला तिचं मन धजेना. ती वाकून मातीतले तांदूळ वेचायला लागली. दाणा कुठला, खडा कुठला, काही कळेना.

तिला चाकणचं बारसं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते तिच्या मनात कुठंतरी बसूनच होतं, आता उठून समोर आलं. सासऱ्याची, चिमाजींची, लोहारकीची पडवी चाकणच्या कांद्याच्या बाजाराच्या कडेला, रस्त्याला लागून. बैलगाड्या तिथं चाकाला लोखंडी धाव बसवायला उभ्या राहायच्या आणि सगळ्या पडवीला कोळशाचा आणि कांद्याच्या सालींचा मिसळलेला वास असायचा. त्यांच्या घरात एक रीत होती. बाराव्या दिवशी पाळण्यात घालायच्या आधी, नावाच्याही आधी, पोराला घाव ऐकवायचा. आजानं पोर ऐरणीजवळ न्यायचं आणि थंड ऐरणीवर हातोड्याचा एक घाव घालायचा. एकच. पोर दचकतं, रडतं, बायका हसतात, "ऐकलं गं बाई, ऐकलं," म्हणतात, आणि मग आत्या कानात नाव सांगते. लोहाराच्या पोराला नाव दुसरं, आवाज पहिला. चिमाजींनी सोपानला डाव्या हातावर घेतला आणि घाव घातला. मंजुळा बाळंतिणीच्या खाटेवर उठून बसली होती, तिचेच दात शिवशिवले. सोपान जागा होता. कौलातून येणाऱ्या उजेडाच्या तिरिपेकडं बघत होता, तिच्यात नाचणाऱ्या धुळीकडं. बायका हसायच्या तयारीत थांबल्या. चिमाजींनी दुसरा घाव घातला, रीत मोडून. मग हातोडा खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ते म्हणाले, "ह्यो पोटातनंच ऐकून आलाय. ह्याला काय नवं?" आणि सगळी पडवी खदखदा हसली. खरा लोहार जन्माला आला. ज्योतीरामनं, सोपानच्या बापानं, त्या दिवशी येईल त्याला गूळ वाटला. आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. त्या नावाचं पुढं काय झालं असेल? मंजुळाच्या हातात तांदळाची मूठ तशीच राहिली. कानाच्या दारापर्यंत गेलं, आणि मग?

त्या दिवसापासून ती पोराला चोरून बघू लागली. आई आपल्या पोराला चोरून बघते, ह्यात काय चोरी. पण ती चोरीच होती. ज्योतीराम कामावर गेला की ती सोपानला भिंतीकडं तोंड करून बसवायची, मागं जायची आणि ताट आपटायची. कधी पातेल्यात पळी वाजवायची, कधी त्याच्या मानेमागं टाळी. एकदा तो चटकन वळला. तिच्या उरात काय उसळलं! तिनं त्याचे मुके घेतले, रडली, हसली. मग दिसलं की मागं दार वाऱ्यानं उघडलं होतं आणि उन्हाची पट्टी त्याच्या पुढ्यात येऊन पडली होती. तिनं दार लावून घेतलं आणि पुन्हा ताट आपटलं. ऊन नाही, मान नाही. नंतर नंतर तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली; आपण पोराला पकडायला बसलोय, त्याच्या अंगातून काहीतरी कबूल करून घ्यायला बसलोय, असं वाटायचं. मग ती त्याला मांडीवर घेऊन नुसती डोलत राहायची. गाणं म्हणायची, आणि मधेच थांबायची. ती थांबली हे त्याला कळायचं नाही. तिच्या मांडीचं डोलणं थांबलं की कळायचं. लगेच चुळबूळ करायचा. तिचं नाव आईनं मंजुळा ठेवलं होतं, गळा गोड निघावा म्हणून. गळा गोड निघालाही होता.

तो तिच्या तोंडाकडं बघायचा. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. सुरय्या म्हणायची, किती गं आईवेडा, नजर म्हणून हलवत नाही. मंजुळाला ती नजर ओळखीची होती, आणि ओळख पटेपर्यंत तिनं कितीतरी दिवस टाळाटाळ केली. ती तिच्या बापाची नजर होती. चऱ्होलीला तिच्या बापाची लोहारकी होती, आणि चाळिशीच्या आत त्याचे कान घणानं नेले होते. लहानपणी घरातल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांना हाक मारायची नाही, समोर जायचं. समोर जाऊन उभं राहिलं की त्याचे डोळे आधी माणसाच्या ओठांवर यायचे, तिथं थांबायचे, आणि मग त्याचं बोलणं यायचं, शेताच्या पलीकडं कुणी असावं तसं मोठ्यानं. भट्टीत लोखंड लालभडक झालं की तो म्हणायचा, रगत चढलं. आई भाता ओढायची, मंजुळा तिच्या पोटात होती तेव्हाही आई भाता ओढतच होती. लोक म्हणायचे, ही पोर घण ऐकत वाढली. बाप मरून गेला त्याला आता वर्षं झाली, भट्टी मोडली, ऐरण कुणी विकत नेली. आणि आता चिंचवडच्या ह्या पत्र्याच्या खोलीत एक अकरा महिन्यांचं पोर त्याचे डोळे घेऊन तिच्या ओठांकडं बघत होतं. दूध पाजताना तिला कधी कधी वाटायचं, बापच बघतोय, काहीतरी विचारतोय, मोठ्यानं बोल म्हणतोय. ती पदर ओढून घ्यायची.

ज्योतीरामला सांगावं असं रोज वाटायचं. तो पाळीवरून यायचा, हातपाय धुवायचा, सोपानला उचलून डोक्यावर घ्यायचा आणि कंपनीतल्या मोठ्या घणाच्या गोष्टी सांगायचा. वाफेवर चालणारा घण, माणसाच्या हाताचं काम नाही, एक घाव पडला की छातीत हवा हलते. तिथं त्याला साहेब ब्लॅकस्मिथ म्हणायचे. त्याला तो शब्द आवडायचा, त्यातला स्मिथ तो फुंकर घालावी तसा म्हणायचा. ह्याला मात्र आपण आयटीआयला घालायचं, म्हणायचा, टर्नर करायचं. घणाचा आवाज ज्याला बाधत नाही त्याला मशीनचा काय बाधणार? अलीकडं तो ह्या एवढ्याशा खोलीतही मोठ्यानं बोलू लागला होता. "जरा हळू बोला की," ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "हळूच तर बोलतोय." मग तिचं सांगायचं राहून जायचं. सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी मनात असायचं. शब्द तोंडातून बाहेर पडला की तो पोराच्या अंगाला चिकटेल. न सांगता जो दिवस जाईल तो आपला.

त्याच सुमारास तो शब्दाचा प्रसंग झाला. चाळीच्या टोकाच्या खोलीत उद्धवराव राहायचे. नगरकडच्या कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मुलगा कंपनीत टाइमकीपर म्हणून त्याच्यापाशी येऊन राहिलेले. त्यांना दुसरं व्यसन नव्हतं, शब्दांचं होतं. संध्याकाळी बाजेवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या आडनावाचा उलगडा करायचे. त्या रविवारी ज्योतीराम त्यांना सुरुंगाची गोष्ट रंगवून सांगत होता, पोर कसं हललं नाही, आणि शेवटी म्हणाला, लोहाराचं रक्त, मास्तर. उद्धवरावांचे डोळे लकाकले. मंजुळा आत भाकरी थापत होती, दार उघडं होतं. ते सांगायला लागले की तुम्ही लोहार नाहीच, मूळचे लोहकार. लोह करणारा. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, तसा लोहकाराचा लोहार. आणि लोह तरी काय, फार पूर्वी म्हणे त्याचा अर्थ नुसता तांबडा असा होता. तांब्यालाही लोह म्हणत आणि रक्ताला लोहित. भाकरी थापता थापता मंजुळाचा हात थांबला. रगत चढलं.

"पण मधला क कुठं गेला मास्तर?" ज्योतीरामनं विचारलं. "कुणी काढला?"

"काढत नाही कुणी," उद्धवराव म्हणाले. "शब्द तोंडातोंडी फिरतो, तसा झिजतो. आधी तो क बोलणाऱ्याच्या तोंडात मऊ पडला असेल. मग ऐकणाऱ्याला नीट ऐकू येईना. आणि पोरं काय, ऐकतात तेच बोलतात. जे त्यांना ऐकू आलं नाही ते त्यांनी म्हटलं नाही. संपलं. करण्याचा क तो, पण आता कुणाला त्याची याद नाही."

"म्हणजे लोखंड राहिलं आणि करणारा गेला म्हणा की," ज्योतीराम म्हणाला, आणि दोघं हसले. उद्धवरावांनी मांडीवर थाप मारली, वा राव, म्हणाले, बरोबर बोललात. आत तव्यावर भाकरी करपली. पोरं ऐकतात तेच बोलतात. साधं वाक्य होतं, बाजारात कुणीही बोलेल असं. मंजुळा त्या वाक्याभोवती दिवसचे दिवस फिरत राहिली. एखादा क, कुणाच्या तरी तोंडातला, कधी काळी खणखणीत वाजणारा, आणि एका पिढीत कुठल्यातरी आईच्या मांडीवर तो पहिल्यांदा ऐकू आला नाही. त्या आईला कळलं असेल का? तिनं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं असेल का? सोपानच्या वयाची गुलजार आता अम्मी म्हणत होती, पानी म्हणत होती, कावळ्याला काव म्हणत होती. सोपान नुसता आवाज करायचा, लांबट, घशातून येणारा, दोन्हीकडून उघडा. पूर्वी तो पुष्कळ आवाज करायचा. अलीकडं कमी झाला होता. तो गप्प बसायला लागला होता, आणि सगळे म्हणत होते, किती शहाणं बाळ.

दुपारी चाळ निजली की मंजुळाला हातोडा ऐकू यायचा. लांबून, माळाच्या पलीकडून, जिथं लोहाराची भट्टी असण्याचं काही कारण नव्हतं. लोहारकीत दोन माणसं असतात. एकाच्या हातात मोठा घण, दुसऱ्याच्या हातात छोटा हातोडा. छोट्यानं टिचकी मारून दाखवायचं, इथं. मग तिथं घण पडतो. टिक, आणि घाव. टिक, आणि घाव. ह्याच तालावर ती वाढली होती. आता तिला फक्त टिक ऐकू यायची. टिक. मग ती श्वास धरून वाट बघायची. घाव पडायचा नाही. पुन्हा टिक, दुसऱ्या जागी. कुणीतरी दाखवतच राहिलं होतं, इथं, इथं, आणि घण उचलणारं कुणी नव्हतं. एकदा तिनं सुरय्याला विचारलं, तुला ऐकू येतंय का? सुरय्यानं कान दिला, म्हणाली, काही नाही गं, बाळंतवाऱ्याचं डोकं तुझं, तेल घाल. मंजुळा झोपलेल्या सोपानकडं बघत बसायची. एका खोलीत दोघं. जे नाही ते तिला ऐकू येत होतं आणि जे आहे ते त्याला येत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली आणि चिमाजी नातवाला बघायला आले. चाकणहून कांद्याचा ट्रक पुण्याला निघाला होता, ड्रायव्हर ओळखीचा, त्याच्याशेजारी बसून आले. पाठीला पोतं, त्यात कांदे, घेवडा, नातवाला लाकडाचा पांगुळगाडा. ज्योतीराम पहिल्या पाळीला गेलेला. म्हाताऱ्यानं सोपानला समोरून उचललं, त्याच्या नाकाला नाक लावलं, आणि पोर खिदळलं. मामंजी आले म्हणून शेजारपाजार जमला. सुरय्यानं हौसेनं सुरुंगाची गोष्ट सांगितली. चिमाजी तिच्या तोंडाकडं बघत मान हलवत राहिले, त्यांचेही कान घणानं गेलेले; अर्धं कळलं, अर्धं नाही. सुरय्याचा नवरा अन्वर मुंबई रस्त्यावर मोटारींच्या गॅरेजात मेकॅनिक होता, तो तेवढ्यात जेवायला आला होता. मस्करीचा माणूस. त्याच्या सायकलीला चाकाची एक लोखंडी रिम बांधलेली होती. ती त्यानं सोडली, पाना हातात घेतला आणि म्हणाला, "चाचा, ऐकतो नुसतं. एकदा समोर बघू दे ना तुमचा शेर."

चिमाजींना रिम आणि पाना दिसला तेवढ्यावर कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "न्हाई," ते म्हणाले. "पोराचा खेळ न्हाई करायचा." पण ते बोलेपर्यंत अन्वर सोपानच्या मागं जाऊन उकिडवा बसला होता. त्यानं रिम एका हातात अधांतरी धरली आणि पाना हाणला. चाळीच्या भिंतीतून आवाज फिरून आला. पोरं किंचाळली, सुरय्यानं गुलजारचे कान धरले. सोपान अंगणातली मुंग्यांची रांग बघत होता. टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, वारे वा लोहार. अन्वरनं आणखी जोरानं हाणला. सोपाननं एका मुंगीला बोट लावलं. पुन्हा टाळ्या. अन्वरच्या कपाळावर घाम आला होता, तो आता हसत होता पण त्याच्या हसण्यात काहीतरी अडखळलं होतं, आणि त्यानं तिसऱ्यांदा पाना उगारला. दारात उभ्या मंजुळाला वाटलं, हा असाच हाणत राहील. सगळे असेच हसत राहतील. हे पोर दोन वर्षांचं होईल, पाच वर्षांचं होईल, आणि त्याच्यामागं कुणीतरी लोखंड बडवत असेल, आणि लोक टाळ्या देत असतील, आणि ह्या टाळ्यांच्या खाली त्याचा एकेक शब्द मरत जाईल.

"मामंजी," ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही."

ती हळूच म्हणाली होती. इतके महिने आत दाबून धरलेलं, मोठ्यानं यायचं कसं? चिमाजींनी तिच्याकडं मान वळवली. "काय म्हणलीस?"

"त्याला ऐकू येत नाही."

"मोठ्यानं बोल बाई. मला काय गावंना."

अन्वरचा पाना तसाच वर. तिला कळलं की आता हे सगळ्या चाळीला ऐकू जाईल असंच बोलावं लागणार, दुसरा मार्ग नाही. ह्या म्हाताऱ्याच्या कानापर्यंत जायचं तर नळावरून, संडासाच्या रांगेवरून, उद्धवरावांच्या बाजेवरून जावं लागेल. ती पायरी उतरून सासऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून सरकला तो तिनं सावरला नाही. आणि चऱ्होलीच्या घरात बापाशी बोलायची तशी ती ओरडली, "तो बहिरा आहे. सोपान बहिरा आहे." शब्द भिंतीवर आपटून परत आला.

पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. अन्वर काहीतरी पुटपुटला, माफ करा म्हणाला असावा, आणि रिम उचलून मान खाली घालून गेला. सुरय्या तोंडावर हात ठेवून उभी होती. बायका एकेक करून सरकल्या. चिमाजी मात्र जमिनीवर टेकले, सोपानच्या शेजारी, मुंग्यांच्या रांगेजवळ. मग बोलले, आणि बहिऱ्या माणसाला आपलं कुजबुजणं केवढं असतं ते कळत नाही, म्हणून तेही अंगणभर ऐकू आलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "बारशालाच कळलं व्हतं."

मंजुळाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ती बसली. बाराव्या दिवसाचे त्यांचे भिजलेले डोळे, आणि ते पडवीभर पसरलेलं हसू. ते पाणी आनंदाचं नव्हतंच.

"मग बोलला का नाहीत? पोटातनं ऐकून आलाय म्हणालात."

"काय बोलू? बारा दिसाचं पोर. भवती एवढी माणसं. बहिरं म्हणलं असतं तर जलमभर बहिरं म्हणूनच हाक मारली असती. लोहाराचं हाय म्हणलं की लोक हसत्यात, वाहवा करत्यात, फुडं इचारत न्हाईत. ह्या एका शब्दाच्या आड म्या माझं बहिरेपण काढलं पोरी. वाटलं, त्यालाबी पुरंल."

तो शब्द म्हाताऱ्यानं पोरावर घोंगडी टाकावी तसा टाकला होता. मायेनं. त्या घोंगडीच्या उबेत सगळे झोपले होते, ज्योतीराम झोपला होता, तीही डोळे मिटून पडली होती. तिला त्याचा राग येईना. राग यायला जागा सापडेना. तिनं सोपानला उचलून मांडीवर घेतलं आणि सासऱ्याच्या समोर तोंड करून, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत बोलली.

"तुम्हाला आधी बोलणं आलं मामंजी, मग कान गेले. माझ्या बाबांचं तसंच झालं. शब्द तुमच्याजवळ होते. ह्याच्याजवळ एकही नाही. ह्याला नाही पुरायचा तो."

चिमाजी तिच्या ओठांकडं बघत होते. सोपानही तिच्या ओठांकडं बघत होता. एक पिकलेले डोळे, एक कोवळे, आणि दोन्ही तिच्या तोंडावर. पुण्यात मोठा दवाखाना आहे, ती सांगत राहिली, तिथं कानाचे डॉक्टर असतात. अशा मुलांना बोलायला शिकवणारं कुणीतरी असेल, जगात कुठंतरी असेलच. नसलं तर काय ते आपल्याला शोधून काढावं लागेल. पण आधी त्याच्या बापाला कळायला पाहिजे. म्हाताऱ्यानं होय म्हणून मान हलवली. मग विचारलं, त्याला तू सांगतीस का मी सांगू? मंजुळा म्हणाली, सांगायला कशाला हवं, चाळीनं ऐकलंय. आणि खरंच, कंपनीचा भोंगा होऊन पाळी सुटली, तेव्हा ज्योतीराम फाटकातून आत येताना तिला दिसला, आणि उद्धवराव बाजेवरून उठून त्याच्या वाटेत आले, खांद्यावर हात ठेवून काही बोलले. एरवी त्यांचं बोलणं चाळीच्या ह्या टोकापर्यंत ऐकू यायचं. आज आलं नाही.

तो आला तो हातपाय न धुता. बापाच्या पाया पडला नाही, मंजुळाकडं बघितलं नाही. कोळशानं काळे झालेले हात लोंबते सोडून तो उंबऱ्यात उभा राहिला. सोपान पाठमोरा बसला होता, पांगुळगाड्याचं चाक फिरवत. चिमाजी काही बोलायला उठले, मंजुळानं त्यांना हातानं थांबवलं.

"सोपान," ज्योतीराम म्हणाला.

चाक फिरत होतं. "सोपान," तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, कंपनीतला आवाज काढून, जो मोठ्या घणाच्या वर ऐकू जातो तो आवाज. पत्रा झणाणला, शेजारी गुलजार जागी होऊन रडायला लागली. सोपानच्या मानेवरची लव त्या उजेडात सोनेरी दिसत होती. तीही हलली नाही. मंजुळाला वाटलं, आता हा काय करेल? भिंतीवर डोकं आपटेल, मला बोलेल, तुझ्याच घरातनं आलं म्हणेल. तिनं बोलून घ्यायची तयारी केली. त्याला थांबवावं असं तिला वाटलं नाही. ती हे सगळं एकटी करून बसली होती, ताट घेऊन, पळी घेऊन. त्यालाही एकदा करू दे.

ज्योतीरामनं चपला काढल्या, भिंतीच्या कडेकडेनं पोराला वळसा घातला, आणि त्याच्या समोर जाऊन खाली बसला, मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लागेल असा. सोपाननं चाक सोडून वर पाहिलं. बापाचं तोंड दिसलं तसा फुलला. नेहमीप्रमाणे त्याची नजर बापाच्या ओठांवर येऊन थांबली. ज्योतीरामचे ओठ हलले. आवाज नव्हता, किंवा असला तरी तो मंजुळापर्यंत आला नाही. तिनं फक्त पाहिलं, की ते ओठ एकदा गोल झाले, मग घट्ट मिटले, मग पुरे उघडले. पुन्हा तसंच, तेच नाव. गोल, मिटले, उघडले. ओठांच्या कडेला कोळशाची काजळी होती आणि तिच्यावरून पाणी उतरत होतं. सोपान बघत राहिला. मग त्यानं हात उचलून बापाच्या ओठांवर ठेवला, ते मिटायच्या वेळी बोटांनी चाचपले, आणि हळूच आपलेही ओठ मिटून घेतले.